गाडीत जागा आहे

दिवाळी सरली की माणसं मुकाट्यानं कामाला लागतात असं ज्याला वाटतं, त्यानं भंडारा जिल्ह्यातली मंडईची जत्रा पाहिलेली नाही. धान अर्धा बांधीत उभा, अर्धा खळ्यावर पडलेला, आणि घरचा कर्ता चहाची किटली घेऊन पाहुण्यांच्या मागं फिरतोय. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. बाजार भरतो, दंडारीचा नाच-खेळ रंगतो, नाटकं होतात, पोरीबाळींची लग्नं तिथल्या तिथं जमतात. या सगळ्या आनंदापायी गाड्यांचे काय हाल होतात ते मात्र वरठीच्या तृप्तीला विचारावं.

तृप्तीचं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर. वायरिंग, बॅटरी, सेन्सर, गाडीतलं जे काही विजेवर चालतं ते सगळं. नागपुरात शिकली, तिथंच दोन-चार वर्षं नोकरी केली, आणि वडील आनंदराव गेल्यावर आईसाठी परत आली. बाईमाणूस गाडीखाली शिरते म्हणून सुरुवातीला लोक तिला पाहायला यायचे, आता गाडी दाखवायला येतात. पोरगी खमकी. मीटरनं दाखवलं तेवढं खरं मानायची, बाकीच्या गोष्टी चहासोबत ऐकून घ्यायची.

तिला एकच गोष्ट पाहिजे होती, आणि ती कोणत्याच दुकानात मिळत नव्हती. तिची आई, तुळसा. उन्हाळ्यात तुळसा जवळजवळ गेलीच होती. दवाखान्यात मशीनवर होती. आली परत, पण नुसती हाडं घेऊन आली. आधीची तुळसा म्हणजे गल्लीच्या या टोकाला हसली की त्या टोकाला चूल पेटवणारी बाई विचारायची, काय झालं म्हणून. आता ती दुकानातल्या खुर्चीवर दिवसभर बसून राही, आणि विचारलं तर मान हलवी. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट एकदम चांगले आहेत. तृप्तीला रिपोर्ट नको होते हो. तिला आई पाहिजे होती, ती आधीची.

अशात एका सकाळी आंबागडचा चंद्रकुमार गाडी घेऊन आला. हा धानाचा शेतकरी, गोल तोंडाचा, हसरा गडी. सात सीटची जुनी पण ठणठणीत गाडी त्यानं दसऱ्यालाच घेतली होती, आणि तेव्हापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"ताई, गाडी लाजून राहिली," तो म्हणाला.

"काय करून राहिली?"

"लाजून राहिली. लाईट खाली पाहते. नवी नवरी पाहते तशी. समोरचं काही दिसत नाही, निस्ता चाकापुढचा रस्ता. अन् हा पिवळा दिवा लागला तो इझतच नाही."

तृप्तीला दुखणं ऐकताच कळलं. अशा गाड्यांना मागच्या चाकापाशी एक सेन्सर असतो. मागं माणसं बसली की गाडी मागून दबते, पुढून उचलते, आणि लाईट समोरच्याच्या डोळ्यात जातात. तसं होऊ नये म्हणून हा सेन्सर एका छोट्या दांडीवरून गाडी किती दबली ते ओळखतो आणि लाईट आपोआप खाली करतो. तिनं स्कॅनर लावला. रिकाम्या गाडीला त्यावर शून्य यायला पाहिजे. आलं उणे चाळीस.

"भाऊ, तुमची गाडी म्हणते मागं पाचसहा जण बसले आहेत."

"घ्या. अन् मी एकटाच आलो पेट्रोल जाळत."

तृप्तीनं चारही दारं उघडून टाकली, चटई अंथरली आणि खाली शिरली. सेन्सरचं कनेक्शन चिखलानं माखलेलं होतं, आत पाणी गेलेलं, पिनेवर हिरवं चढलेलं. बांधीतून गाडी काढणारे लोक, दुसरं काय होणार? तिनं पिना घासल्या, स्प्रे मारला, सैल झालेली एक पिन दाबून घट्ट केली. वर येऊन पाहिलं तर शून्य. तरी खात्री म्हणून तिनं आईला हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं. उणे सात. उतरवलं, शून्य.

"पाहा, माझी आई एवढीशी, तरी हिले कळली. आता बरोबर आहे."

चंद्रकुमार खूश. जाताना म्हणाला, "मंडईले यायचं बरं, मावशीले घेऊन. मावशीचं माहेरच आहे आमचं गाव."

तुळसाच्या माहेरी आता कोणी उरलं नव्हतं, घराच्या जागी कोणाची तरी वैरण रचलेली असायची. तुळसानं नुसती मान हलवली.

दोनच दिवसांनी गडी पुन्हा दारात. "परत लाजली, ताई."

यावेळी तृप्तीला राग आला. आपलं काम परत येणं तिला खपत नसे. ती खाली शिरली. कनेक्शन कोरडं, पिना लखलखीत. वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत मीटरनं तपासली, कुठं तुटलेली नाही. नवा सेन्सर लावला. आकडा तोच, उणे चाळीस. तिनं वायरचा जोड हातानं गदागदा हलवला. सैल कनेक्शन असलं की आकडा नाचतो. हा नाचला नाही. पण वायर सोडून ती उठली तेव्हा पडद्यावर उणे चाळीसचं उणे एकेचाळीस झालं, मग एकोणचाळीस, मग पुन्हा चाळीस. माणूस एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झाला की असं होतं.

तिनं मग साधी गोष्ट केली, जी आधीच करायला पाहिजे होती. मागच्या चाकाच्या आणि वरच्या पत्र्याच्या मधल्या जागेत वीत लावली. अशा रिकाम्या गाडीला इथं तिची अख्खी वीत बसते. आज अंगठा दुमडावा लागला.

म्हणजे सेन्सर खरं बोलत होता. गाडीच दबलेली होती.

"भाऊ, हे कधीपासून हो?"

चंद्रकुमार हसायला लागला. "सांगतो. मी पाहुण्यायले मंडईचं बोलावणं देऊन एकटाच वापस येऊन राहिलो होतो. पोट भरलेलं, गाडी हातात नवी, मन असं खूश का काय सांगू तुमाले. गावाजवळ किल्ल्याखालचा मोड आला, रस्ता वळते तो, अन् मी काच खाली करून ओरडलो, मंडईले या गा सारे, गाडीत जागा आहे, बसा. तेव्हाच हा दिवा लागला, अन् परवा तुमच्याकडून घरी जाताना त्याच मोडावर परत. कनेक्शन तेव्हाच गेलं असन."

"कोणाले म्हटलं?"

"कोणालेच नाही. रस्त्यावर कुत्रंबी नव्हतं."

"दाटीवाटीनं बसले आहेत बिचारे," मागून कोणीतरी म्हणालं.

तृप्ती वळली. खुर्चीवरून आई बोलत होती. डोळे गाडीच्या मागच्या काचेवर, आणि तोंडावर हसू.

"काच तरी उघड ना गा बाबू," तुळसा म्हणाली. "त्या म्हातारीले गरमून राहिलं."

चंद्रकुमारनं तृप्तीकडं पाहिलं, तृप्तीनं आईकडं. मग त्या पठ्ठ्यानं जाऊन काच खाली केली. आणि तुळसा हसली. मोठ्यानं, जुन्यासारखी, पदर तोंडावर घेऊन. समोरच्या पानठेल्यावरचा माणूस वाकून पाहायला लागला.

दुसरी कोणी असती तर तिच्या अंगावर काटा आला असता. तृप्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. उन्हाळ्यापासून ती या हसण्याची वाट पाहत होती. आता ते कशामुळं आलं याची चौकशी करत बसायला ती काय वेडी होती? तिनं हात पुसले आणि म्हणाली, "भाऊ, मंडईले आम्ही येतो. तुमच्याच गाडीत येतो. स्कॅनर लावून ठेवते, चालत्या गाडीत पाहू काय ते."

मंडईच्या दिवशी चंद्रकुमार सकाळीच घ्यायला आला. तुळसानं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं होतं. मधली सीट अख्खी मोकळी, तरी ती दाराला चिकटून, पदर आवरून बसली. तृप्ती पुढं, मांडीवर स्कॅनर. उणे सत्तेचाळीस. तिनं मनात हिशेब केला आणि सोडून दिला.

मोहाडी गेलं, तुमसर गेलं. तुळसा वरठीपासून जी बोलायला लागली ती थांबायचं नाव नाही. कोणत्या तळ्यावर पोहली, कोणत्या आंब्यावरून पडली, नाटक पाहता पाहता कशी झोपली आणि बापानं खांद्यावर टाकून कशी आणली. मधेच थांबायची, ऐकल्यासारखं करायची आणि म्हणायची, "हो का जी? मले तर माहीतच नव्हतं." तृप्ती पुढं बसून हसत होती. चंद्रकुमारही हसत होता, पण त्यानं आरसा वरच्या बाजूला फिरवून ठेवला होता.

सागाचं जंगल लागलं तशी गाडीत थंड हवा आली. ओल्या पानांचा वास आला, आणि त्यात कुठंतरी जुन्या कपड्यांचा, पेटीत खूप दिवस ठेवलेल्या लुगड्याचा.

गावात पोचल्यावर चंद्रकुमारनं मागची दारं उघडली. तृप्तीचे डोळे पडद्यावर होते. उणे सत्तेचाळीस, चाळीस, बत्तीस. प्रत्येक वेळी गाडी मागून हलकीच वर उचलत होती, कोणी उतरलं की उचलते तशी. सगळ्यात शेवटी तुळसा उतरली आणि शून्य झालं.

"उतरले वाटते," चंद्रकुमार म्हणाला, आणि त्यानं कपाळ पुसलं.

त्याची आई कलाबाई दारात तांब्या घेऊन उभी होती. जाडजूड, ठसठशीत बाई, कपाळभर कुंकू. तिला मुलानं एका दमात सगळं सांगून टाकलं. ती ना घाबरली ना काही. पोरगं पाहुण्यांसाठी वडे कमी पडतील असं सांगत असावं, तसं तिनं ऐकून घेतलं.

"तूनच बोलावलं ना?" ती म्हणाली. "मंग पाहुणेच झाले ते. जेवू दे, दंडार पाहू दे. अन् दिवे लागाच्या आधी जेथून आणलं तेथी नेऊन पोचव. बोलावून आणणं अन् तसंच सोडून देणं आपल्या घरी चालत नाही."

मग काय विचारता. मंडई अशी भरली होती की पाय ठेवायला जागा नव्हती. जिलबीच्या कढया, बांगड्या, फुगे, उसाच्या मोळ्या, उकडलेल्या शिंगाड्यांचे काळे ढीग. तृप्तीनं जिलबी खाल्ली, भजी खाल्ली, पाळण्यात बसली, आणि तिथून खाली पाहिलं तर आई गर्दीतून हात करत होती. तिला हुंदका आला आणि हसू आलं, दोन्ही एकदम. इतकी सुखी ती किती महिन्यांत नव्हती, तिलाच माहीत.

दुपारी दंडार सुरू झाली. ताडपत्रीवर माणसाला माणूस लागून बसलेलं, पोरं एकमेकांच्या मांडीवर. तुळसा मधे, आणि तिच्या डाव्या हाताला पाचसहा माणसांची जागा मोकळी. कोणी ती राखली नव्हती. लोक यायचे, जागा पाहायचे, आणि का कोण जाणे, पलीकडं जाऊन उभे राहायचे. तुळसाच्या मांडीवर शिंगाड्यांची पिशवी होती. ती सोलायची, एक तोंडात टाकायची, एक डावीकडं धरायची. ढोलकीवर ठेका पडला की ती हसायची, आणि मोकळ्या जागेकडं वळून काहीतरी बोलायची. खेळ संपला तेव्हा त्या मोकळ्या जागेत टरफलांचे छोटे छोटे ढीग होते, वेगवेगळे.

तृप्तीनं ते पाहिलं. तिनं आईला हात देऊन उठवलं.

ऊन कलताना कलाबाईनं गाडीच्या दारापाशी ताट आणलं. सीटच्या पाठीवर कुंकवाची बोटं लावली, शिंगाड्याचं अन् वड्यांचं गाठोडं आत ठेवलं. "या मंग," ती म्हणाली. पुढच्या वर्षी या, असं मात्र म्हणाली नाही. गाडी मागून हळूहळू दबली. तुळसा दाराशी अंग चोरून बसली.

किल्ल्याखालचं ते वळण फार लांब नव्हतं. चंद्रकुमारनं गाडी कडेला घेतली आणि दारं उघडली. समोर सागातून वर जाणारी पायवाट होती, पिवळं ऊन तिच्या अर्ध्यापर्यंत पोचलेलं.

कोणी उतरलं नाही. उणे सत्तेचाळीस.

"असं काय करता," तुळसा म्हणाली. "पाहुण्याले गाडीतूनच हाकलते काय कोणी? दोन पावलं संगं जावं लागते."

इकडची रीतच आहे ती. पाहुणा निघाला की घरच्यांनी त्याच्याबरोबर शिवेपर्यंत चालायचं. बसस्टँड दारात असला तरी चालायचं. तुळसानं गाठोडं काखेत घेतलं आणि उतरली. उणे चाळीस.

"आई, लवकर ये," तृप्ती म्हणाली. मान वर न करता म्हणाली. तिचे डोळे आकड्यावर होते.

बत्तीस. पंचवीस.

गाडी वर उचलत होती. मागं सागाची वाळलेली पानं चुरचुरत होती, एकाच्या पायाखाली नाही, पुष्कळांच्या.

सोळा. आठ.

शून्य.

"झालं," तृप्ती म्हणाली. एखादी गाडी दुरुस्त झाल्यावर व्हायचा तसा आनंद तिला झाला. तिनं वर पाहिलं.

पायवाट रिकामी होती.

"आई."

वरून हसण्याचा आवाज आला. आईचा, आणि त्यात मिसळलेले दुसरे. मग एकदम सगळं शांत झालं. पाखरंही बोलेनात.

"आई गं."

चंद्रकुमार दार उघडून खाली उतरला. तेवढ्यात सागाआडून हिरवं लुगडं दिसलं. तुळसा भराभर उतरत आली, काखेत गाठोडं नव्हतं. दम लागला नव्हता. वाळलेल्या पानांवरून ती आली, आणि कसलाच आवाज झाला नाही.

"काऊन बोंबलून राहिली वं?" ती म्हणाली. "मी काय लहान आहो हरवाले?"

ती गाडीत बसली. सीटच्या मधोमध, ऐसपैस. दार लावलं.

"चाल गा बाबू."

गाडी सुरू झाली. पिवळा दिवा विझलेला होता. पडद्यावर शून्य.

तृप्तीनं स्कॅनरचं कनेक्शन काढून पुन्हा खोचलं. शून्य. आई मागं बसून दंडारीतल्या नाच्याची नक्कल करत होती, अशी हुबेहूब की चंद्रकुमारला गाडी हळू करावी लागली. तुमसरच्या पुढं अंधारून आलं तेव्हा त्यानं लाईट लावले. उजेड सरळ, लांब गेला.

"मस्त झालं, ताई," तो म्हणाला. "कनेक्शन आता एकदम बरोबर."

तृप्ती हो म्हणाली.

घरासमोर गाडी थांबली. तुळसा उतरली, आणि उतरता उतरताच शेजारणीला हाक मारायला लागली. आकडा हलला नाही.

"भाऊ, एक मिनिट मागं बसा," तृप्ती म्हणाली.

तो बसला. उणे अकरा. उतरला. शून्य.

तिनं स्कॅनर बंद केला, वायर गुंडाळली, त्याला नीट जा म्हणून सांगितलं.

घरात चहाचा वास सुटला होता. उन्हाळ्यापासून पहिल्यांदा आईनं चहा ठेवला होता, आलं ठेचून, तृप्तीला आवडतो तसा गोडमिट्ट. अंगणात खाट टाकलेली होती, पाडव्यालाच नवी नवार विणलेली. तुळसा दोन कप घेऊन आली, खाटेवर बसली आणि बाजूच्या जागेवर हात थोपटला.

"ये वं माझी बाई, बस. आज लई मजा आली."

तृप्तीनं कप घेतला. आईचा हात हाताला लागला, गरम होता. ती आईच्या शेजारी टेकली. नवार करकरली आणि तिच्या बाजूला खाली गेली. आईच्या बाजूला नवार ताठ होती, सुताएवढीही दबलेली नव्हती.